लघुशोधप्रबंध लिहिण्याची धास्ती : अखेरच्या सत्रातील एका विद्यार्थिनीला उत्तर

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा : तुम्ही अर्थशास्त्रात एम. ए.च्या अखेरच्या सत्रात आहात. जळगाव जिल्ह्यातील तुमच्या तालुक्यातल्या महिला बचत गटांवर सुमारे ८० पानांचा लघुशोधप्रबंध लिहायचा आहे. साठ महिलांच्या मुलाखती झाल्या आहेत, लेखांच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा जमला आहे, पण प्रबंध सादर करायला दहा आठवडे उरले असताना एकही प्रकरण लिहून झालेले नाही. लॅपटॉप उघडला की छातीत धडधडते आणि मग तुम्ही आणखी एक लेख वाचायला घेता. मैत्रिणीची दोन प्रकरणे झाली आहेत, सरांना काय दाखवावे हे कळत नाही, आणि हे काम आपल्या कुवतीबाहेरचे आहे असे तुम्हाला आता वाटू लागले आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मार्गदर्शन करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. या टप्प्यावर अशी धास्ती वाटणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात, आणि त्यांतले बहुतेक जण वर्गात मन लावून शिकणारे असतात. त्यामुळे कुवतीविषयीची शंका तुम्ही आधी बाजूला ठेवावी. अडचण दुसरीकडे आहे, ती नीट पाहिली तर उपायही तिथेच सापडतो.

शाळेपासून आजपर्यंत तुम्ही जे काही लिहिलेत ते बहुतांशी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिलेत. तीन तासांत, पाठ असलेल्या मजकुरावरून, दोन-तीन पानांचे उत्तर एका दमात लिहायचे आणि ते पुन्हा कधी हातात घ्यायचे नाही, ही ती पद्धत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जी रचना आली, तिच्यात तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प आहे, आणि संशोधन पद्धतीचा विषय पहिल्याच सत्रात शिकवला जातो. त्या विषयात नमुना निवड, गृहीतके, प्रश्नावली हे सगळे येते, पण पंधरा पानांचे प्रकरण कसे उभे करायचे, पहिला खर्डा कितपत कच्चा असला तरी चालतो, तो कोणाला दाखवायचा आणि किती वेळा बदलायचा, याचा सराव बहुतेक ठिकाणी होत नाही. तीन पानांच्या उत्तरानंतर एकदम ८० पानांचा प्रबंध, आणि मधली पायरीच नाही. अशा वेळी मनात धडकी भरली तर त्यात तुमचा दोष नाही.

आता त्या ‘आणखी एका लेखा’विषयी, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे. लिहायला बसण्याचा विचार आला की अस्वस्थता वाढते, वाचायला घेतले की ती उतरते, आणि वाचन हेही प्रबंधाचेच काम असल्यामुळे आपण काम टाळत आहोत असे वाटतही नाही. चालढकलीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये असे मांडले की, चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थिती सांभाळण्याचा प्रश्न आहे. माणूस काम पुढे ढकलतो तेव्हा त्या क्षणापुरती मनाला उसंत मिळवतो आणि त्याचा भार उद्यावर टाकतो. तुमच्या बाबतीत असेच घडत आहे. ‘सगळे वाचून झाले की लिहीन’ हा विचार वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो, परंतु वाचून कधीच होत नाही. शिवाय काय वाचायचे राहिले आहे हे लिहायला घेतल्याशिवाय कळतही नाही. म्हणून पुढचे तीन आठवडे नवे वाचन पूर्ण बंद ठेवावे, ही माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची सूचना आहे. लिहिताना एखादा संदर्भ हवासा वाटला तर तिथे चौकटी कंसात ‘संदर्भ पाहणे’ एवढे लिहावे आणि पुढे जावे.

लेखनाची सुरुवात प्रस्तावनेपासून करू नका. प्रस्तावनेत अख्ख्या प्रबंधाची ओळख करून द्यायची असते, आणि जो प्रबंध अजून अस्तित्वात नाही त्याची ओळख करून देणे अनुभवी लेखकालाही अवघड जाते. तुम्ही संशोधन पद्धतीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. त्यात जे लिहायचे ते सगळे तुम्ही स्वतः केलेले आहे, कोणत्याही पुस्तकात पाहावे लागणार नाही. कोणती गावे निवडली आणि तीच का, गटांची यादी कोठून मिळवली, साठ महिला कशा निवडल्या, प्रश्नावलीत किती प्रश्न होते आणि कोणते प्रश्न पहिल्या काही मुलाखतींनंतर बदलावे लागले, मुलाखती दिवसाच्या कोणत्या वेळी झाल्या, शेतीच्या कामांच्या दिवसांत कोण भेटू शकले नाही, कोणी उत्तर द्यायला नकार दिला, कर्जाच्या प्रश्नावर घरातले कोणी शेजारी बसलेले असताना उत्तरे बदलत होती का, हे सगळे सरळ भूतकाळात, झाले तसे लिहा. विद्यार्थी हे प्रकरण पुस्तकातल्या व्याख्या उतरवून उरकतात. खरे तर परीक्षक येथेच थांबून वाचतो, कारण विद्यार्थी प्रत्यक्ष गावात गेला होता की नाही हे येथे समजते.

त्यानंतर विश्लेषणाचे प्रकरण घ्यावे, आणि ते प्रकरण म्हणून न घेता एकेक तक्ता म्हणून घ्यावे. तुमच्याकडे पंधरा-वीस तक्ते असतील. प्रत्येक तक्त्याखाली अडीचशे ते तीनशे शब्द लिहायचे, एका वेळी एवढ्याचाच विचार करायचा. समजा, पहिल्या कर्जाच्या उपयोगाचा तक्ता आहे आणि साठपैकी ३४ महिलांनी ते कर्ज घरखर्च, आजारपण किंवा मुलांच्या शिक्षणासाठी वापरले असे त्यात दिसते. बहुतेक प्रबंधांत या तक्त्याखाली ‘वरील तक्त्यावरून असे दिसते की ३४ महिलांनी...’ असे लिहून तेच आकडे पुन्हा शब्दांत दिलेले असतात. तसे न करता चार प्रश्नांची उत्तरे द्या : या तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची बाब कोणती, तिच्याशी न जुळणाऱ्या महिला कोणत्या, असे का झाले असावे याविषयी मुलाखतींत काय ऐकायला मिळाले, आणि आधीच्या एखाद्या अभ्यासात असेच आढळले होते की वेगळे. पहिले कर्ज घरात गेले पण तिसरे कर्ज शेळ्यांसाठी किंवा शिलाई यंत्रासाठी घेतले, असे तुमच्याच नोंदींत असेल, तर ‘कर्ज अनुत्पादक कारणांसाठी वापरले जाते’ हा ठरावीक निष्कर्ष तिथेच अपुरा पडतो आणि तुमच्या प्रबंधाला स्वतःचे म्हणणे मिळते. असे दहा तक्ते लिहून झाले की प्रकरणाचा मोठा भाग हातात असतो, आणि ‘प्रकरण लिहायचे आहे’ या विचाराचे दडपणही फारसे उरत नाही.

वेळेचा हिशोब कागदावर मांडला तर भीती बरीच कमी होते. ८० पानांतील मुखपृष्ठ, प्रमाणपत्रे, अनुक्रमणिका, तक्ते, परिशिष्टातली प्रश्नावली आणि संदर्भसूची वगळली तर सलग मजकुराची साधारण ५५ पाने उरतात. दुहेरी अंतर ठेवून टाइप केलेल्या पानावर सुमारे २५० शब्द धरले तर हे १४ हजारांच्या आत बसते. दिवसाला ४०० शब्द आणि आठवड्याला पाच दिवस, या गतीने सात आठवड्यांत सगळा खर्डा तयार होतो आणि दुरुस्तीला तीन आठवडे राहतात. चारशे शब्द म्हणजे तुमच्या उत्तरपत्रिकेची जेमतेम दोन-अडीच पाने. मात्र ती तीन आठवड्यांची शिल्लक कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. कॅनडातील रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, आणि सगळ्या गोष्टी बिघडल्या तरी सुमारे ४९ दिवस लागतील असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. आपल्याकडे यात लग्नसराई, वीजकपात, घरातले आजारपण आणि ऐन शेवटच्या आठवड्यात टायपिंग आणि बाइंडिंगच्या दुकानातली गर्दी यांचीही भर पडते.

लेखनाची वेळ रोज एकच असावी आणि ती लांब नसावी. एका दिवशी आठ तास बसून पुढचे चार दिवस दमून जाण्यापेक्षा रोजचा दीड तास कितीतरी अधिक काम करून घेतो. प्राध्यापकांच्या लेखनाच्या सवयींचा अभ्यास केलेल्या रॉबर्ट बॉइस यांनाही हेच आढळले होते की, रोज थोडा वेळ नियमाने लिहिणारे, स्फुरण येण्याची वाट पाहणाऱ्यांपेक्षा जास्त लिहितात. घरी शांतता मिळत नसेल तर महाविद्यालयाचे वाचनालय किंवा गावातली अभ्यासिका पाहावी. तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले तासन्तास बसलेली असतात आणि त्या वातावरणाचा उपयोग होतो. पहिली दहा मिनिटे मन सैरभैर होईल, धडधडेल. ती धडधड थांबल्यावर लिहू, असे म्हणू नका. ती असतानाच लिहायला लागायचे, पाच-सात ओळी झाल्या की बहुतेकदा ती आपोआप उतरते. उठताना दुसऱ्या दिवशीचे पहिले वाक्य अर्धवट लिहून ठेवावे, म्हणजे कोऱ्या पानासमोर बसावे लागत नाही. ही सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला लावण्याचा प्रयत्न करतो.

पूर्वसाहित्याचा आढावा घेण्याचे काम चौथ्या-पाचव्या आठवड्यात घ्या. झेरॉक्सच्या गठ्ठ्यातील प्रत्येक लेखासाठी वहीत पाच-सहा ओळी पुरेत : लेखकाने कोणता प्रश्न विचारला, कोणत्या भागात, किती लोकांना, काय आढळले, आणि त्याचा माझ्या अभ्यासाशी संबंध काय. ज्या लेखासाठी शेवटची ओळ लिहिता येत नाही तो बाजूला काढा. गठ्ठा निम्मा होईल आणि त्याने काही बिघडणार नाही. लिहिताना लेखकांची रांग लावू नका. ‘अमुक यांनी अमुक साली अभ्यास केला’ अशा परिच्छेदांची माळ वाचकाला काहीच सांगत नाही. बचत गटांमुळे घरातल्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढतो असे म्हणणारे अभ्यास एकीकडे, कर्ज स्त्रीच्या नावावर आणि व्यवहार पुरुषाच्या हाती असे दाखवणारे दुसरीकडे, आणि त्यांच्यामध्ये तुमचा प्रश्न, अशी मांडणी करा. बचत गटांच्या इतिहासावर तर दोन पानांपेक्षा जास्त खर्च करू नका. महिला आर्थिक विकास महामंडळाची १९७५ मधली स्थापना, नाबार्ड या ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये सुरू केलेली गट आणि बँक यांची जोडणी, २०११ पासूनचे ‘उमेद’ हे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, एवढे टप्पे आणि त्यांचा तुमच्या तालुक्याशी आलेला संबंध सांगितला की ते काम झाले.

शोधगंगा या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध पाहून तुमची भीती वाढली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ते तीनशे-चारशे पानांचे प्रबंध काही वर्षांच्या कामातून तयार झालेले असतात, त्यांच्याशी तुलना करू नये. त्याऐवजी तुमच्या विभागाच्या ग्रंथालयात मागील वर्षांचे लघुशोधप्रबंध ठेवलेले असतील; त्यांतले दोन मागून घ्या आणि त्यांची फक्त रचना पाहा. मैत्रिणीच्या दोन प्रकरणांचाही विचार करू नका. तिचा विषय, तिची सामग्री आणि तिने सुरुवात कुठून केली, हे सगळे वेगळे आहे.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीची तुमची भीती मला समजते, कारण तिच्याविषयी महाविद्यालयांत अर्धवट माहिती फार फिरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास ठरलेल्या मुदतीत, जी सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते, सुधारून पुन्हा सादर करावे लागते. त्यापुढे मात्र शिक्षा कडक होत जाते. अवतरण चिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळले जातात. तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे परिपत्रक असेल, ते एकदा विभागातून मागून घ्यावे. लेख समोर उघडा ठेवून लिहायचे नाही, वहीतल्या स्वतःच्या ओळींवरूनच लिहायचे, हा नियम पाळला तर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून प्रकरण लिहून घेण्याचा मोह याच भीतीतून होतो. तसे करू नये, असे मी कळकळीने सांगेन. ते साधन अस्तित्वातच नसलेले संदर्भ बेधडक देते, आणि त्या साठ महिलांनी तुम्हाला काय सांगितले हे त्याला ठाऊक नसते.

भाषेविषयीही तुम्ही लिहिले आहे की, घरी अहिराणी बोलतो आणि प्रमाण मराठीत लिहिताना वाक्य अडते. खर्डा लिहिताना वाक्य जसे येईल तसे लिहावे, अगदी अहिराणी शब्दासह लिहावे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हे हे काम शेवटच्या दहा दिवसांचे आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांची संख्या अवघी १८ आहे (१४ नियम १९६२ चे, ४ त्यात १९७२ मध्ये भर घातलेले), आणि ते घेऊन मजकूर एकदा नजरेखालून घालणे हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. मुलाखतींतली स्त्रियांची वाक्ये मात्र प्रमाण मराठीत बदलू नका. ती अवतरण चिन्हांत मूळ बोलीत द्या आणि शेजारी अर्थ लिहा. त्यांची बोली तुम्हाला कळते, ही या अभ्यासातली तुमची मोठी जमेची बाजू आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला ती सहजी मिळत नाही. आणि टायपिंग पहिल्यापासून युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला नाही की शेवटच्या आठवड्यात नको ती धावपळ होते.

मार्गदर्शकांकडे जायला संकोच वाटतो, कारण दाखवण्यासारखे काही नाही, असे तुमचे म्हणणे आहे. पक्के काही झाल्याशिवाय दाखवायचे नाही, ही समजूत उत्तरपत्रिकेच्या सवयीतूनच आलेली आहे. शिक्षकाकडे एका वेळी अनेक विद्यार्थी असतात, आणि ‘सर, काहीच सुचत नाही’ या वाक्याला त्यांनाही नेमके उत्तर देता येत नाही. तीन-चार पाने आणि दोन ठरावीक प्रश्न दिले तर मात्र पंधरा मिनिटांतही उपयोगी चर्चा होते. उदाहरणार्थ, असे लिहावे : ‘सर, संशोधन पद्धतीच्या प्रकरणाचा कच्चा खर्डा सोबत देत आहे. नमुना निवडीचा परिच्छेद पुरेसा आहे का, आणि तक्ता क्रमांक तीनमध्ये पाचऐवजी तीन वयोगट केले तर चालतील का, एवढे दोन मुद्दे कृपया पाहावेत.’ दर पंधरा दिवसांनी असे काही द्यायचे आणि त्याच्या तारखा त्यांच्याकडून आधीच ठरवून घ्यायच्या. स्वतःशी ठरवलेली तारीख सहज मोडते, दुसऱ्या माणसाला दिलेली तितक्या सहज मोडत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगायला हवी. लिहायला बसताना धडधडणे आणि मुदतीच्या दिवसांत झोप थोडी कमी होणे हे सहन करण्याजोगे आहे, ते कामाबरोबर उतरते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल, प्रबंधाशी संबंध नसलेल्या गोष्टींतही मन लागत नसेल, अचानक श्वास कोंडल्यासारखे होत असेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर तो प्रश्न लेखनाच्या पद्धतीचा राहत नाही आणि माझ्या वरच्या सूचना त्यावर पुरेशा नाहीत. महाविद्यालयातील समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना लगेच भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते. अशा वेळी मुदतवाढ मागणे ही रीतसर गोष्ट आहे. विभागप्रमुखांना अर्ज आणि वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे, आणि ते शेवटच्या दिवसाची वाट न पाहता द्यावे.

राहिला प्रश्न मौखिक परीक्षेचा. परीक्षक साधारणपणे हेच विचारतात की हा विषय का निवडला, हीच गावे का, अमुक तक्त्यातला आकडा असा का, आणि तुमच्या निष्कर्षाला मर्यादा कोणत्या. यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तुम्ही संशोधन पद्धती आणि तक्त्यांवर लिहिताना लिहिलेलीच असतील. मर्यादांसाठी एक वेगळे पान ठेवा आणि त्यात साठ ही संख्या लहान आहे, उत्तरे महिलांच्या आठवणीवर अवलंबून आहेत, गटांची पासबुके सर्व ठिकाणी पाहायला मिळाली नाहीत, अशा ज्या खऱ्या मर्यादा असतील त्या आपणहून लिहा. उद्या सकाळी मुलाखतींची वही घेऊन बसा, पहिल्या गावाचे नाव लिहा आणि तिथे तुम्ही कोणामार्फत पोहोचलात ते लिहायला सुरुवात करा. तो खर्डा तीन-चार पानांचा झाला की, तो कितीही कच्चा वाटला तरी, याच आठवड्यात सरांकडे द्या.